पॅगोडा रस्त्यावरची नवी धर्मशाळा

डोक्याला पागोटं असू द्या, पायांत काही घालू नका. १८१३चा जुलै आहे, रंगूनच्या धक्क्यावर घोटाभर चिखल आहे. कुणी विचारलंच तर मद्रासच्या एखाद्या व्यापाऱ्याचे कारकून आहोत म्हणून सांगा. हिंदुस्थानी चेहऱ्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. तमिळ चुलिया मुसलमान, आर्मेनियन, पोर्तुगीज आडनावं लावणारे, सगळे सागवानाच्या मागे या नदीत शिरतात. गावाची तटबंदीसुद्धा सागवानाची, उभे ओंडके एकमेकांना चिकटून रोवलेले. भिजलेल्या लाकडाचा वास आणि न्गापीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा वास एकाच झुळुकीत येतो. पहिला तास जड जाईल, मग नाक सरावेल.

गर्दी कुठे आहे ते बघा. झाडाच्या सावलीत एक खुर्ची टेकवली आहे, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेत, भोई घाम पुसत उभे आहेत. खुर्चीत गोरी बाई बसली आहे. वय २३. चेहरा कागदासारखा पांढरा, उभं राहायचंही त्राण नाही. रंगूनच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्यात. एक वाकून तिच्या बॉनेटखाली डोकावते, दुसरी तिच्या हातमोज्याचं बोट ओढून बघते की ही कातडी आहे की कापड. खुर्चीतली बाई कशीबशी हसते. त्याबरोबर सगळ्या बायका खळखळून हसतात. तुम्हीही हसून घ्या, कारण आज हसण्यासारखं आणखी काही घडणार नाही.

ही ॲन जडसन. शेजारी जकातीच्या लोकांपुढे खिसे रिकामे करत उभा असलेला सडपातळ तरुण तिचा नवरा अडोनिराम, चोविशीतला. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्डला ५ फेब्रुवारी १८१२ला त्यांचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी सेलमच्या चर्चमध्ये त्याला मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली आणि १९ तारखेला कॅरॅव्हन नावाच्या जहाजाने दोघं निघाली. मागणी घालताना त्याने होणाऱ्या सासऱ्याला पत्र लिहिलं होतं. मुलगी या जन्मात पुन्हा दिसणार नाही, परदेशात तिचे हाल होतील, कदाचित जिवावरही बेतेल, तरी द्याल का, असं सरळ विचारलं होतं. सासऱ्याने निर्णय मुलीवर सोपवला. असल्या पत्राला हो म्हणणारी मुलगी नुसती नवऱ्यामागे आलेली नसते, हे ध्यानात ठेवून पुढे चला.

रंगून त्यांनी निवडलेलं नाही. कलकत्त्याला उतरले तर ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यातून अमेरिकी तर नकोच नको, कारण त्याच सुमारास अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध पेटलं होतं. बाहेर व्हा असा हुकूम आला. त्यात या दोघांनी स्वतःच आणखी एक अडचण ओढवून घेतली. प्रवासात अभ्यास करता करता अडोनिरामला वाटू लागलं की बाप्तिस्मा मोठ्या माणसाने समजून उमजून आणि पाण्यात पूर्ण बुडूनच घ्यायला हवा. कलकत्त्यात दोघांनी तसा घेतला आणि ती बॅप्टिस्ट झाली. म्हणजे ज्या मंडळाने त्यांना पैसे देऊन पाठवलं होतं त्याच्याशी संबंध संपला. पोटापाण्याचा भरवसा नाही, कंपनीचे शिपाई मागावर. आधी मॉरिशस, तिथून मद्रास. मद्रासमध्येही पकडून इंग्लंडला धाडतील अशी वेळ आली तेव्हा लगेच सुटणारं जहाज एकच होतं, रंगूनला जाणारं. कलकत्त्यात सगळ्यांनी सांगितलं होतं की ब्रह्मदेशात जाऊ नका, तिथे काही होणार नाही.

त्या जहाजाचं नाव जॉर्जियाना. मोडकळीला आलेली होडीच म्हणायची. ॲनचे दिवस भरत आलेले. सोबतीला म्हणून घेतलेली युरोपियन बाई जहाज सुटता सुटता डेकवर कोसळली आणि गेली. वादळात ॲन बाळंत झाली, मूल मेलेलंच जन्मलं, समुद्रात सोडलं. जवळ दुसरी बाई नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आज ती या खुर्चीत बसली आहे.

तिच्याबरोबर कॅरॅव्हनवर आलेली हॅरिएट न्यूएल तर मॉरिशसलाच गेली, १९व्या वर्षी, ३० नोव्हेंबर १८१२ला. हिची बालमैत्रीण. जडसन जोडपं तिथे पोहोचलं तेव्हा फक्त तिचं थडगं आणि तिचा नवरा सॅम्युएल भेटले. तुम्हाला आपल्या बाजूचं काही ऐकायचं असेल तर तेही इथेच आहे. याच टोळीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट दुसऱ्या जहाजाने आले आणि कंपनीशी झगडत फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. नॉटची बायको रॉक्साना बरोबर होती. अमेरिकन मराठी मिशन म्हणतात ते इथून सुरू झालं, ज्यात पुढे रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हॅरिएटचा नवराही पुढे मुंबईला गेला आणि १८२१मध्ये तिथेच पटकीने वारला. मुंबई आणि रंगूनमध्ये त्या मंडळींची पत्रं चालू असतात. पण तुम्ही रंगूनला आला आहात, तर रंगूनच बघा.

तटबंदीबाहेर अर्ध्या मैलावर सागवानाचं एक मोठं, अर्धवट बांधलेलं घर आहे. सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांचा थोरला मुलगा फेलिक्स इथे राहतो. सध्या तो राजधानीला, अमरापूरला गेलाय. त्याची इथलीच बायको पाहुण्यांना आत घेते. घराशेजारी गावाचा उकिरडा, पलीकडे प्रेतं जाळायची जागा आणि त्याच्याच आसपास गुन्हेगारांना मारायचं मैदान. रात्री दरोडेखोरांची भीती. पहिल्या रात्री झोप आली नाही तर घाबरू नका, ॲनलाही आलेली नाही.

आता दीड-दोन वर्षं पुढे या. व्हरांडा तोच, उजेड भरपूर, आणि बडबड चालू आहे. अडोनिराम ताडपत्रांवर वाकून बसलाय. शेजारी साठीला आलेले शिक्षक, कमरेला वस्त्र, डोक्याला रुमाल. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, याला सुरुवातीला बर्मीचा नव्हता. बोट दाखवायचं, नाव विचारायचं, दहा वेळा घोकायचं, असं शिक्षण सुरू झालं. ताडपत्रावर टोकदार लोखंडी काट्याने कोरलेली गोल गोल अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागाच नाही. मोडीची दप्तरं चाळलेल्या माणसाला हे दुखणं समजेल. वरून धर्माचे सगळे शब्द पालीतून आलेले. तुमच्या कानावर धम्म आणि निब्बान यांच्यासारखं काही पडेल आणि या खोलीत त्याच्यापेक्षा जास्त तुम्हालाच कळतंय असं वाटेल. तो भ्रम आहे. क्रियापदापाशी पोहोचेपर्यंत तो टिकणार नाही.

त्या शिक्षकांना सुरुवातीला ॲनला शिकवायचं नव्हतं. बाईमाणसाला अक्षरं कशाला, असा त्यांचा साधा हिशोब. तिचा नवरा तिच्या अभ्यासाला आपल्याइतकंच महत्त्व देतोय हे दिसल्यावर त्यांनी हिशोब बदलला.

व्हरांड्यातून आत स्वयंपाकघराकडे या, कारण या गोष्टीतली महत्त्वाची जागा ती आहे. इथे पाव नाही, लोणी नाही, चीज नाही, बटाटे नाहीत. भात आणि कोंबडीचा रस्सा, नाहीतर काकडी घालून शिजवलेली कोंबडी. तुमची चंगळ आहे, त्यांची नाही. मसाला, लाकडं, पाणी, नोकरांची भांडणं, बाजारातला भाव, हे सगळं ॲनच्या गळ्यात. सकाळपासून तिला बर्मी बोलावंच लागतं, चुकलं तरी रेटून बोलावं लागतं, नाहीतर जेवण होत नाही. परिणाम असा की व्याकरण अडोनिरामचं पक्कं, पण बोलणं आणि ऐकून समजणं हिचं सरस. ती स्वतः घरच्या पत्रात हे लिहिते, बढाई न मारता, जसं आहे तसं. पुढच्या लोकांनी पुतळे आणि चरित्रं बहुतेक नवऱ्याला वाहिली. पण रंगूनची ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती आधी बाजारहाट करता करता शिकलेल्या या बोलीवर, असं माझं मत आहे.

ओळखीपाळखीही तीच जोडते. गावाचा कारभार राजाने नेमलेल्या सुभेदाराकडे आहे आणि त्याची मर्जी फिरली की घर, माणूस, माल कशाचीच शाश्वती नाही. ॲन एका फ्रेंच बाईला बरोबर घेऊन सुभेदाराच्या बायकोला भेटायला गेली. ती भरजरी कपड्यांत, तोंडात चांदीची लांब चिलीम धरून बाहेर आली. कपडे चाचपले, मुलं किती विचारलं, नवऱ्याची पहिली बायको का तू, असंही विचारलं. मग हातात भला मोठा भाला घेऊन सुभेदार आला, तेव्हा ॲनला कापरं भरलं. त्याने मात्र, दारू घेणार का, असं मानाने विचारलं. ही ओळख पुढे उपयोगी पडली.

सप्टेंबर १८१५मध्ये मुलगा झाला, रॉजर. बाप पुस्तकांवर बसलेला असायचा आणि मूल शेजारी पडून त्याच्याकडे बघत असायचं. मे १८१६मध्ये, आठ महिन्यांचंही झालं नव्हतं, तापाने गेलं. त्याच दुपारी आंब्याच्या झाडांजवळ पुरलं. चाळीस-पन्नास माणसं मागून चालत होती, बर्मी आणि पोर्तुगीज. काही दिवसांनी सुभेदारणी आपला लवाजमा घेऊन आली. मला का नाही कळवलं, मातीला आले असते, म्हणून तिने छाती पिटली. नंतर दोघांना हत्तीवर बसवून रानात फिरायला नेलं, मन जरा थंडावेल म्हणून. पुढे भाले-बंदुकावाले चालले होते. धर्मावरून तिच्याशी एक अक्षर जुळलं नाही, पण पोर गेलेल्या घरात काय करायचं ते तिला कळत होतं.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, ही पंचाईत आहे. १८२४मध्ये इंग्रजांशी युद्ध होईल, नवरा राजधानी आवाच्या तुरुंगात बेड्यांत पडेल, ॲन दारोदार फिरून त्याला जगवेल आणि १८२६च्या ऑक्टोबरात स्वतः जाईल, ३७वं सरायच्या आत. त्याच वर्षी मार्चमध्ये गॉर्डन हॉलही नाशिकच्या बाजूला पटकीने गेलेला असेल. यातलं काही बोलू नका. आंब्याखाली उभं राहून नुसतं बघा आणि पुढे चला.

१८१६च्या अखेरीस सेरामपूरहून छापखाना आला आणि तो चालवायला जॉर्ज हाऊ नावाचा मुद्रक. पहिल्यांदा छापल्या त्या दोन छोट्या पुस्तिका. एक अडोनिरामची, ख्रिस्ती मताचा सारांश, हजार प्रती. दुसरी प्रश्नोत्तरी, ती ॲनची, तीन हजार प्रती. त्या वाचून एक माणूस खरोखरच चौकशीला आला आणि हा धर्म शिकायला किती दिवस लागतात असं विचारून गेला. घरात सण असल्यासारखं वाटलं. तो परत आलाच नाही असं नाही, पण त्याची चाकरी दूरगावी होती.

१८१८चं साल आलं ते ॲनला एकटीला गाठून. अडोनिराम बर्मी बोलणारा एखादा ख्रिस्ती मदतनीस शोधायला चितगावला निघाला. जहाज भरकटत गेलं ते थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचा पत्ताच नाहीसा झाला. इकडे रंगूनमध्ये पटकी. दिवसभर मयताचे ढोल. भुतं पळवायला संध्याकाळी तोफेचा आवाज होतो आणि लगेच घरोघर लोक भिंती, पाट्या, भांडी बडवू लागतात. कान झाकून घ्या, पण त्यांना वेडे म्हणू नका, कारण तुमच्या काळातल्या डॉक्टरला बोलावून आणायची सोय तुमच्याकडेही नाही. इंग्रज चढाई करणार ही अफवा वेगळीच. हाऊला चावडीवर बोलावून दिवसेंदिवस बसवून ठेवलं, खोदून खोदून विचारलं, धमकावलं. शेवटी शिक्षकांना घेऊन अर्ज हातात धरून ॲनच सुभेदारापुढे गेली आणि तो त्रास थांबला. हाऊ कुटुंब बंगालला निघालं तेव्हा तीही जहाजावर चढली. जहाज नदीतच अडलं. ती सामान घेऊन खाली उतरली आणि एकटी रिकाम्या घरात परतली. थोड्या आठवड्यांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, अडोनिराम धक्क्यावर उतरला. सात महिने झाले होते.

आता खरी जागा. एप्रिल १८१९. तटापासून श्वेडगॉन पॅगोड्याकडे जाणारा रस्ता. पायांनी उडवलेली धूळ, दोन्ही बाजूंनी लहानमोठे पॅगोडे, भिक्षूंचे मठ आणि वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा. त्यांना इथे झयात म्हणतात. कुणीही यावं, बसावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात, पाऊस थांबला की उठावं. पौर्णिमेला फुलं, मेणबत्त्या, सोन्याचा वर्ख घेऊन अख्खं गाव इथून जातं.

त्याच रांगेत एक नवी झयात उभी आहे. घंटा नाही, मनोरा नाही. या जोडप्याने सहा वर्षं बघून बघून अखेर गावच्या रीतीचीच जागा बांधली, आणि त्यांच्या सगळ्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं काम मला हेच वाटतं. चर्च बांधलं असतं तर लोक लांबून बघून गेले असते. झयातीत शिरायला कुणाला परवानगी लागत नाही.

जरा निरखून बघा. सत्तावीस फूट लांब, अठरा फूट रुंद, जमिनीपासून चार फूट उंच. रस्त्याकडचा तिसरा हिस्सा नुसता बांबू आणि गवत, दार नाही, खिडकी नाही, भिंत नाही. इथे अडोनिराम दिवसभर बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तहानलेल्यांनी यावं म्हणून हाका मारतो. मधली खोली फळ्यांची, चार दारं, चार खिडक्या, पांढरा रंग दिलेली, आजूबाजूच्या झयातींपेक्षा वेगळी दिसावी म्हणून. रविवारची उपासना इथे. मागचा हिस्सा म्हणजे बागेत उघडणारी वाट, तिथून मिशनच्या घराला जाता येतं. ॲनकडे येणाऱ्या बायका तिथे बसतात.

४ एप्रिलला पहिली उघड उपासना. मोठी माणसं जेमतेम पंधरा, शिवाय पोरंसोरं. कुणी लक्ष देतंय, कुणी उठून जातंय, कुणी शेजाऱ्याशी बोलतंय. तुम्हीही चटईवर कोपरा धरून बसा.

मग रोजच्या येणाऱ्यांचं ऐका. विडा लावत, चिरूट ओढत वाद घालणारी ही माणसं मुळीच खुळी नाहीत. तुमचा धर्म तुम्हाला बरा, आमचा आम्हाला, हे उत्तर दहाजणांकडून येतं आणि ते वाद टाळण्यासाठी दिलेलं असलं तरी वाईट नाही. जगाला कर्ता हवाच कशाला, आदि-अंत नसलेला देव राहतो कुठे, दुःख तर अजून आहेच, मग त्याने केलं काय? गौतमाच्या शिकवणुकीत वाढलेल्या माणसाला शाश्वत देव ही कल्पना पटतच नाही, आणि अडोनिरामला नेमकी तीच पहिली सांगायची आहे. तोही तर्काला कमी नाही, कॉलेजात पहिला आलेला. पण मूर्तींबद्दल, पॅगोड्यांबद्दल त्या दोघांच्या पत्रांत जे शब्द येतात ते वाचून आजच्या माणसाला कानकोंडं व्हायला होतं. समोरचा अंधारात आहे हे त्यांनी सेलमहून निघतानाच ठरवून ठेवलं होतं. आणि तरीही ते दिवसाला आठ-आठ तास त्या समोरच्याचं बोलणं ऐकत बसतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत, एक झाकून दुसरी दाखवणं बरोबर नाही.

एप्रिलच्या अखेरीस एक माणूस येतो आणि काहीच बोलत नाही. पस्तिशीचा, बायकापोरं नाहीत, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मजुरी करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. पौर्णिमेची गर्दी, गलका, वादविवाद, आणि हा कोपऱ्यात शांत. याचं नाव माउंग नाउ. अडोनिरामने सुरुवातीला फारशी आशा धरली नाही. मोठ्या पंडिताची वाट बघत बसलेल्या माणसाच्या दारात बहुतेक वेळा मजूरच येतो.

संध्याकाळी थांबा, जाऊ नका. ही वेळ चुकवण्यासारखी नाही. मधल्या खोलीत ॲन टेबलाशी बसून अमेरिकेला पत्र लिहिते आहे. खोलीच्या टोकाला सहा पुरुष, प्रत्येकापुढे एक पेटता पलिता आणि मांडीवर काळी पाटी. राळेचा धूर छपराला लागतो. पुरुष घसा ताणून अक्षरं म्हणतात आणि तुम्ही दचकता, कारण क, ख, ग हा क्रम तुमचाच आहे, फक्त चाल वेगळी आणि प्रत्येक अक्षराच्या शेपटाला एक नाव लावलेलं. त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा विद्यार्थी माउंग ब्याए, वय पन्नास. मागच्या वाटेतून बायकांचा आवाज येतो, त्यांचेही दिवे, त्यांच्याही पाट्या. गालांवर थनाका, म्हणजे झाडाच्या सालीचा लेप, फासलेली एक म्हातारी तुमच्याकडे वळून विचारते, तुला तरी येतं का हे? पाटी पुढे सरकवते. क काढून दाखवा. ती बघते, तिरका म्हणते, पुसून टाकते आणि स्वतःचा गोल क काढते. दोन गोलांचा, डौलदार.

जूनमध्ये गावात दवंडी पिटली. अमर असलेल्या महाराजांना राज्याचा शीण आल्यामुळे ते करमणुकीसाठी स्वर्गात गेले आहेत, नातू गादीवर बसला आहे, सर्वांनी शांत राहावं. गेला तो बोदॉपया, आला तो बाजीडॉ. नवा राजा परक्या धर्माबद्दल काय ठरवेल कुणाला ठाऊक नाही. अशा आठवड्यात माउंग नाउ लेखी अर्ज करून मागितलेला बाप्तिस्मा घ्यायला येतो. २७ जून, रविवार. तीसएक माणसं. जवळच्या मोठ्या तळ्यावर सगळे जातात. काठावर गौतमाची अवाढव्य मूर्ती आहे आणि तिच्यापुढेच, कमरेएवढ्या पाण्यात, हा मजूर बुडून वर येतो. रंगूनला पाय लागून सहा वर्षं होत आली होती. पुढच्या रविवारी प्रभुभोजन दोन भाषांत झालं.

त्यानंतर भीती आली. माउंग ब्याए आणि झयातीत येणारा माउंग थाला यांनी रात्री बाप्तिस्मा द्या म्हटलं. नोव्हेंबरमध्ये सूर्य मावळताना, थोडीच माणसं घेऊन, त्याच तळ्यात तो झाला. माउंग श्वे न्गाँग नावाचे एक मोठे अभ्यासक झयातीत येऊन वाद घालत, सगळ्यावर शंका घेत, सहकाऱ्यांवर त्यांची छाप होती. त्यांची चुगली सुभेदाराकडे गेली. सुभेदार एवढंच म्हणाला की आणखी चौकशी करा. ते कळताच रस्ता बदलला म्हणा ना. लोक झयातीसमोरून मान खाली घालून पुढे जाऊ लागले. अडोनिराम बसलेला, पुढे चटई रिकामी. विडासुद्धा कुणी लावेना.

राजाकडेच जाऊन परवानगी मागायची असं ठरलं. डिसेंबर १८१९मध्ये अडोनिराम आणि नवा सहकारी जेम्स कोलमन होडीने इरावतीवर निघाले. नजराणा म्हणून सहा खंडांचं बायबल, इथल्या पद्धतीने सोन्याच्या वर्खाने मढवलेलं, प्रत्येक खंडाला भारी वेष्टण. जानेवारीच्या अखेरीस दरबारात गुडघे टेकले. राजाने अर्ज ऐकला, पुस्तिका हातात घेतली, आदि-अंत नसलेला एकच देव आहे एवढं पहिलं वाक्य वाचलं आणि ती खाली टाकली. बायबलकडे बघितलंही नाही.

तुम्ही राजधानीला जाऊ नका, रंगूनलाच थांबा. ते परततात त्या दिवशी ॲनच्या खोलीत हजर राहा. अडोनिरामने तिन्ही शिष्यांना बोलावून सगळं सांगितलं. आता इथे राहणं म्हणजे तुमच्या जिवाला घोर, आम्ही चितगावला जातो. त्याला वाटलं ही माणसं सुटलो म्हणतील. झालं उलटंच. थांबा, असं त्यांनी सांगितलं. निदान आठ-दहा जण तरी होईपर्यंत थांबा, मग आमच्यातलाच कुणीतरी शिकवणारा नेमा आणि खुशाल जा. मग राजालाही हा धर्म मोडता यायचा नाही.

एवढं ऐकल्यावर मंडळी कुणी स्थापन केली हा प्रश्न मला थोडा वेगळा दिसू लागतो. कोलमन चितगावला गेला, जडसन थांबले.

पुढचे पाच महिने दार बंद करून कारभार. झयात ओस, बैठक घरात. ॲनच्या बायकांपैकी मा मिन ले बोलण्यात सगळ्यांत खंबीर. एकेक करून माणसं वाढत गेली. मात्र ॲनचं काळीज म्हणा की यकृत म्हणा, ते पार बिघडलं. सततचा ताप. बंगालला जाऊन औषध घेतल्याशिवाय ती वाचणार नव्हती आणि एकटी प्रवास करू शकणार नव्हती. जहाज ठरलं, सामान बांधलं. त्याच दिवसांत श्वे न्गाँगही शंका बाजूला ठेवून तळ्यात उतरले. १८ जुलै १८२०ला संध्याकाळी मा मिन ले आली. उद्या तुम्ही जाणार, मला आजच बाप्तिस्मा हवा. अंधार पडता पडता तो झाला. पहिली बर्मी बाई, आणि मोजून दहावी.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर या. पाऊस आहे, चिखल घोटाभर. मिशनच्या घरापासून जहाजापर्यंत शंभरेक माणसं मागे चालत आली आहेत आणि बायका इथल्या रीतीने मोठमोठ्याने गळे काढून रडताहेत. यांतल्या काही सात वर्षांपूर्वी हिच्या बॉनेटखाली डोकावल्या असतील किंवा नसतील. मा मिन लेच्या मनात मात्र वेगळंच चाललंय. पुढे ती आपल्या घरीच मुलामुलींची शाळा काढणार आहे.